बेकरीच्या ड्रॉवरमधलं लायसन्स

"आजी, तुमचं लायसन्स निलंबित झालंय," खिडकीमागचा बाबू म्हणाला. "डुप्लिकेट मिळणार नाही."

"निलंबित म्हणजे?"

"म्हणजे गाडी चालवायची नाही." तो कॉम्प्युटरकडं बघून वाचायला लागला. "क्रांती चौक. एका मोटारसायकलवर तीन जण, उलट्या बाजूनं, हेल्मेट नाही, चालवताना मोबाईलवर बोलणं. मग खुलताबाद रोड. पुन्हा तीन जण, बेदरकारपणे. मग गंगापूर रोड..."

माझ्या मागं रांगेत उभी असलेली पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "आजी, घाटात तरी जरा हळू."

माझा मुलगा शेजारी उभा होता. तो हसला नाही. त्यानं नुसता श्वास सोडला. गॅसची गाडी गल्लीत आलेली दिसली की बायका सोडतात, तसा. माझी स्कूटी विकायचं त्याच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं, आणि आता सरकारच त्याच्या बाजूनं बोलत होतं.

"झालं मग," तो म्हणाला. "आता विषयच संपला, आई."

मी बाबूला म्हणाले, "हे मी केलेलं नाय."

"सगळे हेच म्हणतात, आजी."

"सगळ्यांचं मला सांगू नका. गंगापूरला माझं कोणी नाय. खुलताबादला मी शेवटची कधी गेले ते मलाच आठवत नाय. मोटारसायकल मला येत नाय, माझी स्कूटी हाय. आन मोबाईलवर बोलताना मी तो दोन्ही हातांनी धरते. मग गाडी कोण धरल?"

बाबूनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. पांढरे केस, नाकात चमकी, खांद्याला कापडी पिशवी. त्याला बहुतेक पटलं. पण त्याला पटून उपयोग नव्हता.

"तुमच्या लायसन्सवर दुसऱ्यानं गाडी चालवली असेल तर पोलिसांत तक्रार द्या," तो म्हणाला. "तिची प्रत इथं आणा. तोपर्यंत तीन सीट बसवून फिरणाऱ्या तुम्हीच."

लायसन्स माझ्याकडं का नव्हतं ते आधी सांगते. नाहीतर वाटेल की मी ते कुठंतरी विसरून आले. मी वस्तू विसरत नाही.

आमच्याकडं दिवाळीच्या आधी बायका रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सगळं डब्यांत भरून बेकरीत नेतात आणि तिथल्या भट्टीत नानखटाई भाजून घेतात. भट्टीपुढं पहाटेपासून नंबर लागतात. बेकरीवाला पीठ मळून देतो, आपण गोळे वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे. भाजून झालं की गरम ट्रे तसेच घरी न्यायचे, निवल्यावर नानखटाई काढून घ्यायची आणि ट्रे परत करायचे. ट्रे परत यावेत म्हणून बेकरीवाला काहीतरी ठेवून घेतो. कोणी रेशनकार्ड ठेवतं, कोणी गॅसचं पुस्तक. एका बाईनं नवऱ्याचं घड्याळ ठेवलेलं मी बघितलं आहे. नवऱ्याला माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

मी लायसन्स ठेवलं. रेशनकार्ड महिन्याला लागतं, आधार कार्ड तर कुठंही लागतं. लायसन्स मात्र मला आजवर कोणी मागितलेलं नव्हतं. चौकातले पोलीस म्हाताऱ्या बाईला अडवत नाहीत. अडवलं तर ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांनाही कळतं.

ट्रे मी लगेच परत केले नाहीत. चांगले रुंद होते, कडा उचललेल्या. त्यात आधी सांडगे वाळवले, मग संक्रांतीला तिळाच्या वड्या थापल्या. बेकरीवाल्यानंही मागितले नाहीत. संक्रांत झाल्यावर घासूनपुसून घेऊन गेले, तर त्यानं काउंटरचा ड्रॉवर ओढून टेबलावर पालथा केला. त्यातून जगातलं सगळं निघालं, माझं लायसन्स निघालं नाही.

"कुठंतरी पडलं असंल, मावशी," तो म्हणाला. "डुप्लिकेट काढून घ्या ना. आता सगळं ऑनलाइन असतं."

म्हणून मी आरटीओत गेले होते. मुलगा सोबत आला, कारण ऑनलाइनचं त्याला कळतं.

घरी आल्यावर त्यानं खिळ्यावरची स्कूटीची चावी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "निलंबित असताना चालवलीस तर गाडी जप्त होते," तो म्हणाला. ते खरं असावं. पण लगेच त्यानं दुसरं सांगितलं. त्याच्या कंपनीतल्या एकाला बायकोसाठी अशीच गाडी हवी होती. तो रविवारी बघायला येणार होता.

"तुझी आई मेली काय?" मी विचारलं.

"आई, असं का बोलतेस? या वयात पडलीस तर? दुकान आता बंद करा. आराम करा दोघी."

दोघी म्हणजे मी आणि आपा. आपा माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. नवरे गेल्यावर दोघींनी मिळून गुलमंडीच्या मागच्या बोळात एक लहान शटर भाड्यानं घेतलं. मी साड्यांना फॉल लावते आणि पिको करते. ती रफू करते. फाटलेली पैठणी तिच्या हातून परत आली की कुठं फाटली होती ते मालकिणीला सापडत नाही. सकाळी मी साड्यांच्या दुकानांतून माल उचलते, त्याचं गाठोडं स्कूटीवर पायाशी ठेवते, मागं आपा एका बाजूला पाय सोडून बसते, तिच्या मांडीवर दोघींचे डबे. संध्याकाळी तयार माल पोचवायचा. बोळात रिक्षा शिरत नाही आणि आपाच्या गुडघ्यांना चालवत नाही. गाडी गेली की दुकान गेलं. हे मुलालाही माहीत होतं.

आराम करून नेमकं काय करतात, हे मला कळलेलं नाही. आमच्या गल्लीत आराम करणाऱ्या तीन-चार जणी आहेत. त्या दिवसभर दारात बसून कोणाची सून कुठं गेली ते मोजतात.

मी आपाला आरटीओतलं सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग तोंड फुगवलं.

"खुलताबाद गए, और मेरेकू पूछे बी नइ? कित्ते बरस से बोल रइ मैं, दर्गे पे लेके चलो करके."

"तीन सीट होते गं, जागा नव्हती."

"तीन थे तो चौथी मैं बैठ जाती. मेरा वजन कित्ता है?"

तिचं वजन किती आहे ते माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकाला माहीत आहे. मग ती गंभीर झाली. "हंसी नक्को करो, बाई. गाडी नइ तो मैं बी घर में. मेरी बहू तो खुश हो जाती, चार बच्चे मेरे हवाले." आणि म्हणाली, "चलो, पुलिस में जाएंगे. मैं बी आती."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेलो. मुलाला सांगितलं नाही.

तिथं एक हवालदार होते. पोट सुटलेले, मिशा काळ्या केलेल्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "लायसन्स बेकरीत कशाला ठेवलं?"

"ट्रेसाठी."

"कसले ट्रे?"

"नानखटाईचे."

"सरकारी कागद असा गहाण ठेवतात का, आजी?"

"तुमच्या घरी नानखटाई कशी होते?"

"बायको बेकरीतून भाजून आणते."

"मग तिनं काय ठेवलं होतं ते घरी जाऊन बघा."

हवालदारांनी लगेच फोन काढला, बाहेर जाऊन बायकोशी बोलून आले आणि खुर्चीत बसले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यानंतर माझ्याशी जरा नरम बोलायला लागले. कॉम्प्युटरवर त्यांनी चालानं उघडली. चालानासोबत फोटो असतो, हे मला माहीत नव्हतं. हवालदारांनी तो मोठा केला आणि पडदा आमच्याकडं फिरवला.

क्रांती चौकातला फोटो होता. मोटारसायकलवर तीन पोरं. चालवणाऱ्यानं काळा गॉगल लावला होता, कानाला फोन होता आणि छातीपर्यंत पोचेल एवढी दाढी होती.

"आजी, हे तुम्ही का?" हवालदारांनी विचारलं.

"व्हय. त्या दिवशी दाढी करायची राहिली," मी म्हणाले.

आपा एवढी हसली की तिला खोकला आला आणि हवालदारांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं. पण हसून झालं तरी मला एक कळेना. एवढी दाढी असलेला माणूस माझ्या लायसन्सवर माझा फोटो असताना कसा फिरत होता? हवालदारांनी चालानावरचा गाडीचा नंबर काढला. गाडी भाड्यानं देणाऱ्या एका दुकानाची होती. स्टेशनकडं अशी दुकानं आहेत. वेरूळ बघायला येणारे लोक तिथून गाड्या घेतात. हवालदारांनी दुकानदाराला बोलावून घेतलं. तो येताना लायसन्सच घेऊन आला. माझंच. कोपरा दुमडलेला होता आणि वर चहाचा डाग.

"गाडी घेताना कार्ड ठेवून घ्यायची आमची पद्धत आहे साहेब," तो म्हणाला. "पोरं परत आलीच नाहीत कार्ड न्यायला. चालानं आली तेव्हा आम्ही हाच लायसन्स नंबर कळवला."

"फोटो बघितला नव्हता का?"

"गर्दी असते साहेब. कार्ड आहे की नाही एवढंच बघतो."

म्हणजे बेकरीवाला आणि हा एकाच वर्गात शिकलेले. दोघांनाही कार्ड हवं, माणूस कोणीही चालतो. हवालदार त्याच्यावर ओरडले. मी नाही ओरडले. ट्रेसाठी कार्ड ठेवताना मीही त्याच्याकडं तशाच नजरेनं बघितलं होतं.

कार्ड बेकरीतून स्टेशनपर्यंत कसं गेलं, हे दोन दिवसांत कळलं. दिवाळीच्या गर्दीत बेकरीवाल्याचा मेहुणा गावाहून मदतीला आला होता. चांगला लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. काउंटरवर बसायचा. त्याच्या दोस्तांना फिरायला गाडी हवी होती आणि लायसन्स एकाकडंही नव्हतं. ड्रॉवरमध्ये मात्र ढीगभर पडलेली. हाताला आलं ते दिलं. नाव वाचलं नाही, फोटो बघितला नाही. माझ्या हातून एवढं दुर्लक्ष झालं असतं तर साडीचा फॉल उलटा लागला असता.

बेकरीवाला मेहुण्याला घेऊन आमच्या दुकानात आला. मेहुणा खाली मान घालून उभा होता. आपा त्याला चष्म्यावरून न्याहाळत होती.

"मावशी, चूक झाली," बेकरीवाला म्हणाला. "सासरचा माणूस आहे, माझी पंचाईत समजून घ्या. तेवढी तक्रार मागं घ्या. आजपासून तुमच्या घरची नानखटाई जन्मभर माझ्याकडं फुकट."

"तक्रार मागं घेतली तर तीन सीट मी बसवले असं होतंय," मी म्हणाले.

"असं कोण म्हणतंय मावशी?"

"कॉम्प्युटर म्हणतोय."

आपा मेहुण्याला म्हणाली, "क्यूं रे, इत्ते कार्डां में से बुड्ढी काइच मिला तेरेकू? किसी मर्द का तो देता."

"बघितलं नाही खाला," तो पुटपुटला.

"देखा नइ! शादी बी ऐसीच करा क्या?"

तो रडायच्या बेतात आला. मला त्याची दया वगैरे आली नाही. मी त्याला सांगितलं की ठाण्यात जा, काय केलं ते तुझ्या तोंडानं सांग, त्यातच तुझं भलं आहे. तो गेला आणि त्यानं सांगितलं. पुढं पोलिसांनी त्याचं आणि त्या दाढीवाल्याचं काय केलं, ते मी विचारायला गेले नाही. मला लायसन्स हवं होतं.

ते मात्र मिळेना. जुनं कार्ड पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलं. तक्रारीची प्रत घेऊन आरटीओत गेले तर निलंबन उठवायला अर्ज, डुप्लिकेटला अर्ज, डॉक्टरचा दाखला. डॉक्टरनं डोळे तपासले, कान तपासले, बीपी बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला काहीच झालेलं नाही." असं म्हणाला की जणू त्याचं नुकसान झालं.

इकडं दुकान लंगडत चाललं होतं. रिक्षावाला गाठोडं बघून दोन माणसांचं भाडं मागायचा. बोळाच्या तोंडाशी उतरून मी गाठोडं डोक्यावर घ्यायचे आणि आपा भिंतीला धरून मागून यायची. पहिला माल पोचायला दुपार व्हायची. एका साडीवाल्यानं सांगून टाकलं, "मावशी, लग्नसराई आली. असंच उशिरा आलं तर मला दुसरीकडं द्यावं लागंल." रविवारी मुलाच्या कंपनीतला माणूस येऊन स्कूटी बघून गेला. हॉर्न वाजवला, सीट दाबून बघितली. मी आतून बघत होते. मुलगी बघायला आल्यासारखा चहा पिऊन गेला.

मी मुलाला म्हणाले, "लायसन्स मिळालं नाय तर मीच सांगते त्याला, घेऊन जा म्हणून. मिळालं तर तू चावी खिळ्यावर टांगायची, आन परत हा विषय काढायचा नाय."

"मिळालं तर," तो म्हणाला. त्याची खात्री होती, मिळणार नाही.

अर्ज ज्या साहेबांकडं गेला ते तरुण होते. त्यांनी कागद वाचले, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कागद वाचले.

"कागद बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण आजी, तुमचं वय बघून माझी सही होत नाही. मला एकदा चालवून दाखवा."

मला राग आला नाही. माझा स्वतःचा मुलगा तेच म्हणत होता, हे तर परके.

ठरलेल्या दिवशी मुलानं स्कूटी चालवत आणली. आपा आणि मी रिक्षानं आलो. संध्याकाळचा माल पोचवायचा होता म्हणून गाठोडं सोबतच होतं. मैदानात इंग्रजी आठचा आकडा आखलेला होता. त्याच्यावरून गाडी फिरवायची, पाय खाली टेकायचा नाही. आपा झाडाखाली गाठोड्यावर बसली.

मी पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि निघाले. पहिल्याच वळणाला गाडी डळमळली. पाय टेकला.

साहेबांनी मान हलवली. मुलानं दुसरीकडं बघितलं. लग्नातल्या जेवणात वाढपी आपल्याला सोडून पुढं गेला की माणूस बघतो, तसं.

मी गाडीवरून उतरले नाही. गाडीत काहीतरी चुकत होतं आणि ते मला कळलं. एवढ्या वर्षांत ही गाडी मी मोकळी चालवलीच नव्हती. पायाशी गाठोडं आणि मागं आपा, अशीच ती मला ठाऊक. मोकळी गाडी वाऱ्यावर उडणाऱ्या ओढणीसारखी वाटत होती.

"साहेब, मला ओझं पायजे," मी म्हणाले.

"काय पाहिजे?"

"मागं ती बाई बसवू द्या. तिच्याशिवाय मला ही गाडी येत नाय."

"आजी, टेस्टला मागं माणूस चालत नाही. आणि तुमच्यावर आधीच तीन सीटचं चालान आहे," साहेब म्हणाले. म्हणजे त्यांनाही विनोद करता येत होता.

"मग गाठोडं?"

साहेब विचारात पडले. त्यांनी शेजारच्या माणसाकडं बघितलं. त्या माणसानं खांदे उडवले. "गाठोड्याचं नियमात काही नाही, सर."

"रोज ते घेऊनच चालवता?"

"रोज. पाऊस असला तरी."

"घ्या मग. रस्त्यावर जशी चालवता तशीच बघतो."

आपानं उठून गाठोडं मुलाकडं ढकललं. त्यानं ते उचललं, आणि त्याचं वजन त्याला बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन्ही हातांनी आणून त्यानं ते माझ्या पायाशी ठेवलं. "आई, वळणाला ब्रेक दाबू नको," तो हळूच म्हणाला. चावी खिशात टाकणारा तोच.

"तू बाजूला हो," मी म्हणाले.

गाडी जमिनीला चिकटली. मी एकदा आठ काढला, मग कोणी थांबवलं नाही म्हणून पुन्हा काढला. झाडाखालून आपा ओरडत होती, "संभालके, दुल्हन का शालू है उसमें!" साहेबांनी हात वर केला तेव्हा मी थांबले आणि मग पाय टेकला.

त्यांनी सही केली. "हेल्मेट रोज घालता ना, आजी?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आजपासून घालीन." खोटं कशाला बोलायचं.

कार्ड पोस्टानं घरी आलं. मुलानं पाकीट फोडून माझ्या हातात दिलं, खिळ्यावर चावी टांगली आणि विचारलं, "त्या कंपनीतल्या माणसाला काय सांगू?"

"तू हो म्हणला व्हतास, तूच नाय म्हण," मी म्हणाले. त्यानं माझ्यासमोर फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. नंतर त्यानं तो विषय काढला नाही. गाडीत हवा मात्र तो आता स्वतःहून भरून आणतो.

ज्या बाईच्या नावावर हे सगळं झालं ती मी. गुलमंडीच्या मागं फॉल-पिको करते आणि दुकानात स्कूटीवर जाते.